अनामिक सदस्याचा प्रश्न

"घरात एक म्हातारा आहे. दुधात गोळी विरघळवली तर त्याला चव कळेल का?"

अनामिक सदस्याचा हा तिसरा प्रश्न. बाबाराव घाटोळ्यांनी सवयीनं उत्तर ठोकून दिलं: "दूध कडू लागते. केळ्यात घालून द्या." आणि मग जीभ चावली. गोळी कशाची? अन् लपवून काहून?

'आपली जबलपूरकर मंडळी' या ग्रुपवर बाबारावांनी सांगितलं की विषय संपला. कोणाच्या लोणच्याला बुरशी, कोणाच्या गव्हात सोंडे, कोणाला रांझीत भाड्यानं खोली पाहिजे, बाबाराव हजर. कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली, त्यामुळे ज्यावर मत नाही असा विषयच नाही. फोडणीत हिंग आधी की मोहरी, यावरून सिहोऱ्याच्या एका बाईंशी ते चार दिवस भांडले होते. बायको, इंदू, गेल्यापासून घरात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. इथं शंभर लोक विचारायचे. बरं वाटायचं, दुसरं काय!

त्यांनी त्या सदस्याचे जुने प्रश्न काढले. सुरुवात सगळ्यांची एकच.

"घरात एक म्हातारा आहे. तो एकटा बाहेर पडू नये म्हणून दाराला काय करावं?" खाली बाबारावांचंच उत्तर: "कडी पार वर लावा. म्हातारे खाली पाहून चालतात, वर पाहत नाहीत." चौतीस जणांना आवडलेलं.

"घरात एक म्हातारा आहे. त्याची सही चालते तोवर घर मुलाच्या नावावर करून घ्यावं का?" बाबारावांचं उत्तर: "घ्यावंच. मागून काम लटकते."

अरे देवा! म्हणजे कोणाच्या तरी बापाला कोंडायचं, घर लिहून घ्यायचं, अन् आता ही गोळी. आणि अक्कल पुरवणारा दीडशहाणा कोण, तर आपण. बाबारावांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून प्रणाली बशी घेऊन आली. बशीत केळ्याचे गोल काप, वर साखर भुरभुरलेली.

"बाबा, खाऊन घ्या न."

बाबाराव बशीकडे पाहत राहिले. या घरात आजवर कोणी कोणाला केळं कापून दिलं नव्हतं.

"केळं काहून?"

"अच्छा, दूध तुम्हाला कडू लागते न, म्हणून."

त्यांनी बशी बाजूला सरकवली. नजर आपोआप दाराकडे गेली, आणि मग वर. चौकटीला अगदी वरच्या टोकाला नवीकोरी कडी.

"हे कोणी लावलं?"

"यांनी. परवा." 'यांनी' म्हणजे योगेंद्रनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलानं. "बाबा, तुम्हीच तर बोलले होते न वर लावायला."

कसं तोंड वर करून बोलून राहिली! आपण बोललो कुठे? आपण लिहिलं, ग्रुपवर, एका अनोळखी माणसाला. ही ते वाचते म्हणजे विचारणारे हेच दोघं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. परवा योगेंद्रनं कसल्याशा कागदांवर सह्या घेतल्या होत्या, तेही आता आठवलं. ज्या पोराला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं, तो?

"नंतर खातो," ते म्हणाले. प्रणाली आत वळली तशी त्यांनी हात उंच करून कडी काढली आणि चपलासुद्धा न घालता बाहेर पडले.

ग्रुपचा ॲडमिन अनुपम, त्याचं कांचघरच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान. सदस्य अनामिक असला तरी ॲडमिनला त्याचं नाव दिसतं, हे बाबारावांना पक्कं ठाऊक होतं.

"नाव सांग," ते धापा टाकत म्हणाले.

अनुपमनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, झटकन स्टूल पुढे केलं. "बसा काका. पाणी प्या."

"पाणी राहू दे! तो अनामिक कोण आहे? माझा योगेंद्र, का सून?"

"काका, असं नाव नाही सांगता येत. लोक भरवशानं विचारतात."

"अरे, माझ्या जिवावर उठले ते! केळ्यात गोळी घालून देऊन राहिले. मी मेल्यावर सांगशील का?" त्यांचा आवाज चिरका झाला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

अनुपमनं गिऱ्हाइकांना हातानं थांबायला सांगितलं. मग त्यानं मोबाइल काढला.

"त्याच माणसाचा आज पहाटे चौथा प्रश्न आला. मी अजून मंजूर नाही केला. वाचा." नाव दिसू नये म्हणून त्यानं वरच्या कोपऱ्यावर अंगठा धरला होता.

बाबारावांनी चष्मा सावरला.

"घरात एक म्हातारा आहे. माणूस वाईट नाही हो, पण आता सुनेवरच संशय घेतो. डॉक्टरची गोळीही घेत नाही. ती पोर लपून रडते. तिनं त्याचा राग धरू नये, म्हणून तिला काय सांगावं?"

"पाह्यलं?" बाबाराव ओरडले. "योगेंद्रच आहे! बायकोची बाजू घेऊन राहिला. काढ तो अंगठा!"

"काका, राहू द्या न."

"काढ म्हणतो ना!"

अनुपमनं अंगठा बाजूला केला. अंगठ्याखालच्या गोल फोटोत ग्वारीघाटावर पांढरा मफलर गुंडाळून बाबाराव घाटोळे हसत उभे होते.