ओळखीची पाठ

“ओ आज्जी, फुलं तोडू नगा! पाटी दिसत न्हाई व्हय?”

तातोबा खुरपं घेऊनच धावला. राजवाड्याची बाग नगरपालिकेची झाली, तातोबा निवृत्तही झाला, तरी तो रोज यायचा आणि बाग स्वतःची असल्यासारखा सगळ्यांवर ओरडायचा.

अनंताच्या झाडाखाली उभी असलेली, पांढऱ्या बुटांतली म्हातारी ओशाळली. फूल मात्र तिनं हातातच ठेवलं.

“चुकलंच माझं. लहानपणी ह्या झाडाचं फूल रोज सकाळी माझ्या खिडकीत असायचं. ते ठेवणाऱ्या माळ्याला शोधतेय.”

“दिसाया कसा हुता?”

“ते कुठं ठाऊक? आम्ही वाड्यातल्या बायका फिरायला निघालो की घंटा व्हायची आणि सगळे माळी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आम्ही पाहिल्या त्या त्यांच्या पाठी.”

तातोबानं खुरपं खाली ठेवलं. तो वळला आणि मेंदीच्या कुंपणाकडे तोंड करून, मान खाली घालून उभा राहिला.

म्हातारी मागून दोन पावलं जवळ आली. मग तिला हसू फुटलं.

“हीच! कावड वाहून उतरलेला हा डावा खांदा!”

“वरडलो, माफी करा, आक्कासाहेब.”

“आता वळा इकडं. बाग सगळ्यांची झालीय.”

तातोबा वळला, पण नजर काही त्या पांढऱ्या बुटांवरून हलेना. शेवटी आक्कासाहेबच गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकल्या आणि साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या पाठीचा चेहरा पाहिला.