घडी घालायचा रोबो

रिहे गावातल्या भातखाचरावरचा बहिणीचा हक्क सोडवून घ्यायला किशोर भरदुपारी रेश्माच्या घरी आला. बगलेत कागद, हातात भाच्यासाठी बोटाएवढा रोबो. घडी घातली की त्याची गाडी होते म्हणे.

रेश्मानं तो भाजी पारखावी तसा उलटसुलट केला. "जमीन तुला आन् आमाला प्लॅस्टिक व्हय रे? रंग बोटाला लागतुया. सांधे ढिले हायेत."

"ताई, घडी तर घालून बघ. लई भारी हाय. तवर मी आतनं पेन आणतो."

तिनं रोबोचा हात मुडपला. टक. आतल्या खोलीतही टक झालं, जरा ओलसर.

"काय मोडलंस रे?"

तिनं मान वळवून आतल्या दाराकडं पाहिलं.

"नाटकं नगं करूस. सही मी करणार न्हाई!" तिनं रागानं दुसरा हात मुडपला, गुडघे पोटाशी दाबले. प्रत्येक वेळी आतून तसाच आवाज आला. शेवटी तिनं डोकं छातीत ढकललं. नेटकी गाडी झाली.

आत काहीतरी फरशीवरून घरंगळलं आणि दारामागे येऊन थांबलं.

"ताई," दाराच्या फटीतून, अगदी जमिनीलगत, किशोरचा आवाज आला, "सही ऱ्हाऊ दे. आधी मला उलगड."