तळातला गॅस

"आई, भरलेला सिलिंडर आहे की घरात! मग हा संपत आलेला कशाला आडवा पाडताय?" कणीक मळता मळता केतकी म्हणाली.

"अगं, आडवा केला की तळातलाही गॅस येतो. तेवढ्यात नैवेद्याचं पुरण शिजेल. फुकट कशाला घालवायचा?" असं म्हणत प्रमिलाताईंनी नेहमीसारखा सिलिंडर लोळवला.

शेगडी पेटवायच्या आतच रेग्युलेटरपाशी फुस्स झालं आणि उग्र वास नाकात शिरला. त्यांनी घाईघाईनं सिलिंडर उभा केला, रेग्युलेटर बंद केला, तरी आवाज थांबेना. केतकीचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"बटणाला हात लावू नकोस! बाळाला उचल आणि बाहेर पळ!"

सून पळाली, आणि प्रमिलाताईंची नजर ओट्यावरच्या देव्हाऱ्याकडे गेली. नवरात्रातला अखंड दिवा तिथे संथ तेवत होता. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तो एकाही नवरात्रात विझू दिला नव्हता. विझला तर घरावर संकट येतं, असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

मग डोळे मिटून त्यांनी जळती वात चिमटीत धरली आणि खिडक्या सताड उघडल्या.

बऱ्याच वेळानं फुसफुस थांबली, वासही विरला. बाळाला कडेवर घेऊन केतकी दाराशी आली.

"आई, दिवा..."

"मीच विझवला गं."

भाजलेली बोटं तशीच जोडून त्या देवीपुढे वाकल्या. 'चुकले' म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "राखलंस गं, माउली!"