साडेपंचेचाळीस इंच

रांगेत पुढे आता चारच जणं उरली होती, आणि टिल्लूचा हात आईच्या हातात गार पडत चालला होता. डोक्यावरच्या रुळांवरून 'अजगर' नावाचा रोलरकोस्टर खडखडत वर चढला, टोकाशी क्षणभर थांबला आणि किंचाळ्यांसकट खाली कोसळला. टिल्लूने वर पाहिलं नाही. ती पुढच्या माणसाच्या चपला निरखत होती.

टिल्लू साडेसहा वर्षांची. हे नाव तिच्या मामेभावांनी उंचीवरून ठेवलेलं. मागच्या वर्षी याच फाटकावरून ती परत फिरली होती, कारण अजगरात बसायला पंचेचाळीस इंच उंची लागते आणि ती दोन इंच कमी भरली. दोघे मामेभाऊ मात्र बसून आले आणि पुढे वर्षभर त्यांनी तिला पिडलं. तिनेही वर्षभर सगळ्यांना सांगून ठेवलं की पुढच्या वेळी मी पहिल्या डब्यात बसणार. अशाच एका भांडणात आई बोलून गेली होती, पंचेचाळीस भरू देत, मग मी नाही म्हणणार नाही. तेच आता अंगाशी आलं होतं.

कारण आज सकाळी पंचेचाळीस भरले होते. नेमके साडेपंचेचाळीस. आणि मोजणारी आईच होती.

आई बायकांचे कपडे शिवायची. पंधरा वर्षं तेच काम, आणि मापाच्या बाबतीत तिचं नाव होतं, थोडी बदनामीही होती. गिऱ्हाइकाची कंबर वाढली असेल तर ती तोंडावर सांगायची. टेप कुणाची भीड धरत नाही, असं तिचं म्हणणं. सकाळी मुलीला भिंतीला टेकवून उभं केलं, तेव्हा टेपचं टोक टाचेपासून बोटभर वर धरलं असतं तर सगळंच मिटलं असतं. मनात आलंही तिच्या. पण हाताला खोटं मोजायची सवय नव्हती. तिने आकडा मोठ्याने सांगितला, न्यायला आलेल्या मामाने शाबासकी दिली, मामेभावांनी टाळ्या पिटल्या, आणि टिल्लूने कपातलं दूध तसंच ठेवून दिलं.

वाटेत आईने तिला दोनदा विचारून पाहिलं, भीती वाटते का. दोन्ही वेळा मामेभाऊ कान टवकारून बसले होते आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, नाही. आता आपणच नको म्हणावं, तर दिलेला शब्द फिरवल्यासारखं होणार आणि पोरीला आणखी एक वर्ष चिडवून घ्यावं लागणार. जाऊ द्यावं, तर मागच्याच महिन्यात बागेतला साधा झोका उंच गेला म्हणून ती लटलट कापत येऊन बिलगली होती. आईचा जीव टांगणीला लागला होता.

फाटकावर एक उतारवयाचा माणूस उंची मोजत होता. भिंतीवर पट्टी, पट्टीवर पंचेचाळिसाची लाल रेघ आणि वरखाली सरकणारी एक आडवी फळी. फळी रेघेपर्यंत आणायची आणि ती डोक्याला लागली की आत सोडायचं, एवढंच त्याचं काम. मामा आणि मामेभाऊ पटापट आत गेले आणि कठड्याला रेलून बघत राहिले. मग टिल्लूची पाळी आली. त्याने तिला बूट काढायला सांगितलं आणि स्वतः उकिडवा बसून नाडी सोडू लागला. गाठ बहुधा पक्की बसली असावी. त्याला बराच वेळ लागला. मग तो उठला, फळी खाली आणली आणि मान हलवली.

"अर्धा इंच कमी पडतोय, ताई. आज नाही सोडता येणार."

आईच्या छातीवरचा दगडच उतरला. पण पुढच्याच क्षणी तिच्यातली शिंपीण जागी झाली. तिचं माप एका इंचाने चुकणार? तिने निरखून पाहिलं. फळी लाल रेघेवर नव्हतीच. चांगली इंचभर वर थांबली होती, आणि त्या माणसाचा पंजा नेमका रेघेवर होता. कामातली हलगर्जी तिला मुळीच खपत नसे. पर्समध्ये टेप कायम असायचीच. ती तिने झटक्यात बाहेर काढली.

"थांबा, मी मोजून दाखवते," ती म्हणाली.

तो माणूस नुसता टिल्लूकडे बघत राहिला. टिल्लूने पुढे होऊन टेपवर हात ठेवला.

"आई, राहू दे ना."

तो हात गार नव्हता. आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग टेप हळूहळू गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने चुकीचं माप मुकाट्याने कबूल केलं. कठड्यापलीकडून थोरला मामेभाऊ धाकट्याला सांगत होता, अर्ध्या इंचाने गेलं रे बिचारीचं. त्यात चिडवणं नव्हतं.

दोघी बाकावर बसल्या. टिल्लूच्या हातात आइस्क्रीमचा कोन होता आणि पाय मजेत हलत होते. अजगर वरून गेला तेव्हा तिने मान वर करून मामेभावांना हात केला. आईला इतकं हलकं वाटत होतं की हसूच येत होतं, पण मापाची ठसठस काही जाईना.

"ते काका भले असतील," ती शेवटी म्हणाली, "पण त्यांना मोजायचं काही कळत नाही."

"कळतं गं," टिल्लू कोन चाटत म्हणाली. "नाडी सोडताना त्यांनी मला कानात विचारलं, आज बसायचंय की पुढच्या वर्षी? मी म्हटलं, आईनं मोजलंय ते बरोबरच आहे, पण पुढच्या वर्षी."