फुल्या नसलेली बाई

ज्या साहेबानं हा फॉर्म काढला, त्यानं उभ्या जन्मात कुणाचा मार खाल्लेला नाही. खाल्ला असता तर त्यावर बाईची दोन चित्रं छापली नसती, एक पुढून, एक पाठीमागून. मदत केंद्राच्या खिडकीत बसलेल्या ताईनं जिथं वळ दिसेल तिथं लाल पेनानं फुली मारायची. तीन फुल्या भरल्या की आजच्या आज निवाऱ्यात खाट. कमी भरल्या की पुढची तारीख. मार खाण्यातही पास-नापास.

टेलरबाई बाकावर बसून आपला फॉर्म बघत होती. वीस वर्षं ती लोकांची मापं घेत आली होती. चित्रातले असले खांदे तिनं कुठल्याही बाईला पाहिले नव्हते. तिच्या चित्रावर एकही फुली नव्हती. नवरा दवाखान्यात कंपाउंडर. कुठं मारलं की उमटत नाही, हे त्याला गोळ्यांच्या नावांसारखं पाठ होतं.

"अंगावर काहीच नाही का हो?" ताईनं सकाळी विचारलं होतं. बोलणं प्रेमाचंच होतं. "बघा आठवून. जुनं असलं तरी चालेल."

टेलरबाईनं खरंच आठवून पाहिलं होतं, घरातलं मीठ संपलंय का हे आठवावं तसं. काही सापडलं नव्हतं. मग ताईनं फॉर्मवर "खुणा नाहीत" असं लिहिलं आणि तिला बसायला सांगितलं. त्याला आता तीन तास झाले होते.

तेवढ्यात बेकरीवाली आली. अंगात बेकरीचा पांढरा डगला, त्यावर मैदा तसाच. उजवा हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून मिटलेला. तिला बघून ताई उठून उभी राहिली. पाणी आलं, खुर्ची आली. लाल पेन भराभर चाललं. हात, डोळा, ओठ, पाठीवर दोन.

पाच.

टेलरबाईच्या पोटात दुखलं. गिऱ्हाइकांच्या रेशमावर आयुष्यभर कात्री चालवली, पण एकीच्याही कपड्यावर कधी जळली नव्हती. त्या प्लास्टरवर जळली. काय ठसठशीत होतं ते. कुणी नाही म्हणायची सोयच नाही. आपल्या नवऱ्याला एवढंही धड करता येत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि आलं ते आलंच.

"एकच खाट आहे ना?" ताई फोनवर बोलत होती. "हो, हिलाच पाठवते. गाडी धाडा."

टेलरबाईच्या हातातला मोबाइल थरथरला. नवऱ्याचा मेसेज. 'कुठल्या दुकानात आहेस? समोरच्या कपाटाचा फोटो टाक.' बटणं आणायला जाते असं सांगून ती निघाली होती, आणि पिशवीत बटणांऐवजी दोन साड्या होत्या. दोन वाजता तो जेवायला घरी येणार. फोटो गेला नव्हता. आता इथून घरी परत जायचं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"नशीबवान आहेस बाई," ती बेकरीवालीला म्हणाली. "लगेच घेतलं तुला."

बेकरीवालीनं एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या फॉर्मकडे. ती हसली, पण ओठ फुटलेला असल्यामुळे अर्धंच.

"लगेच? चौथी खेप आहे माझी. आधीच्या तिन्ही वेळेला अशीच कोरी होते, तुझ्यासारखी."

"मग?"

"मग काय, तारीख दिली. तारखेला त्यालाही बोलावलं. आला, अगदी इस्त्रीचे कपडे घालून. म्हणाला, ही जरा हळवी आहे हो. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा पिऊन, सही करून गेला. घरी आल्यावर म्हणाला, चहा पाणचट होता त्यांचा." तिनं प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. "त्या दिवशी त्याला कळलं की इथं काही होत नाही. मला अजून कळायचं होतं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बेकरीवाली उठली. खाट एकच होती आणि ती घेऊन ती चालली होती. टेलरबाईची जळजळ तशीच राहिली. ती घेऊनच ती खिडकीशी गेली.

"तुमची तारीख एकवीस," ताई म्हणाली. "मिस्टरांनाही पत्र जाईल."

"घरी?"

"नियम आहे. दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात."

टेलरबाईनं पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवली. "आत्ता गेली तिची फाइल उघडा."

"दुसऱ्याची फाइल दाखवता येत नाही."

"मला नका दाखवू. तुम्हीच बघा. पहिले तीन फॉर्म."

फाइल कोपरापाशीच पडली होती. ताईनं नको नको म्हणत पानं उलटली. एक. दोन. तिसऱ्यावर ती थांबली. तिन्ही चित्रं स्वच्छ, आणि तिन्हींखाली तिचंच वळणदार अक्षर. खुणा नाहीत. खुणा नाहीत. खुणा नाहीत.

ताईनं फाइल मिटली.

"मी काय करणार हो," ती म्हणाली. "हे सगळं वरून येतं."

"मग वर फोन लावा. मी हलत नाही."

ताईनं रिसीव्हर उचलला. नंबर फिरवता फिरवता तिचं बोट थांबलं. "विचारू तरी काय त्यांना?"

"ती चौथ्या खेपेला बसली तुमच्या फॉर्मात," टेलरबाई म्हणाली. "मी कितव्या खेपेला येऊ, तेवढं विचारा."