कारणाचा रकाना

कारण लिहिल्याशिवाय पान सेव्ह होत नव्हतं.

कारण:

रकाना रिकामा. आत कर्सर लुकलुकत होता. मिनलने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा. चारला ग्राहक कंपनीचा ऑडिटर येणार होता, आणि सुरक्षा तपासणीच्या अहवालात दोनशे बारा नियमांपैकी एक लाल होता.

चाकणच्या या कारखान्यात मशीनला हुकूम देणारी सॉफ्टवेअर्स वेगवेगळ्या बंद डब्यांत चालतात. कंटेनर म्हणतात त्यांना. एकात काही बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का लागू नये, म्हणून डबे. लाल नियमाचं म्हणणं एवढंच होतं, की प्रेस लाइनचा डबा बंद नाही. त्याला सगळ्या सर्व्हरची किल्ली दिलेली आहे. कुणी त्यात शिरलं, तर खालच्या मजल्यावरचे पत्रा ठोकणारे प्रेस त्याच्या हातात.

दुरुस्तीला तीन दिवस लागणार होते.

"दुरुस्ती नंतर कर ना," टीम लीड सार्थक खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "आत्ता नियमच बंद कर. कुठला नियम तपासायचा आणि कुठला नाही, ते आपल्या प्रोफाइलमध्ये आपणच ठरवतो. सोय दिलीय राव त्यांनी! फक्त कारण लिही."

"आणि लाल राहू दिला तर?"

"तर ऑर्डर गेली. मग खाली जाऊन गोजाबाईंना तूच सांग, उद्यापासून येऊ नका म्हणून. त्यांच्यासोबतच्या चाळीसजणींनाही सांग."

गोजाबाई प्रेसवर कंत्राटी कामगार होत्या. रोज सकाळी गेटवर मिनलला विचारायच्या, "खाऊन निघालीस का गं?"

मिनलने आधी बंद केलेले नियम उघडून पाहिले. नऊ होते. नऊ जणांनी नऊ कारणं लिहिली होती, आणि शब्द एकच होता. तात्पुरते. तात्पुरते. तात्पुरते. सगळ्यात जुनं चार वर्षांपूर्वीचं. खाली नागसेनचं नाव. नागसेन कधीच कंपनी सोडून गेला होता. त्याचं तात्पुरतं अजून कामावर होतं.

तिने दहावं लिहिलं. सेव्हवर बोट नेलं, आणि फोन वाजला.

पप्पा. रोज याच वेळेला. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये कोंडीराम तीस वर्षं सेटर होते, कामगारांना प्रेस लावून देणारे. आता घरी असतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. दिव्याचं बटण दाबतानाही दुसरा तळवा भिंतीला टेकवतात. आई चिडवायची, "कप पळून चाललाय का ओ?" पप्पा हसायचे नाहीत. कप खाली ठेवायचे, तोही दोन्ही हातांनी.

"कधी येतीस?"

"उशीर होईल, पप्पा. एक नियम बंद करायचाय." तिने दोन वाक्यांत सांगितलं. तिचं काम पप्पांना कळत नाही. बरं बरं म्हणून ते नेहमी भाजीवर येतात.

आज आले नाहीत.

"कारण काय लिव्हलंस?"

"तात्पुरतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.

"मी बी त्येच लिव्हलं व्हतं," पप्पा म्हणाले.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे एकही हात आत राहत नाही. तेव्हा माल जास्त हवा होता. साहेब म्हणाले, एक बटण अडकवून टाक, कामगाराचा एक हात मोकळा राहील. सेटरने बांबूची पाचर मारली. मेंटेनन्सच्या रजिस्टरात एक शब्द लिहिला.

"किती दिवस होती पाचर?"

"अकरा म्हयने. पहिले काही दिवस रोज बघायचो. मंग दिसंनाच झाली."

मिनलने सेव्हवरचं बोट मागे घेतलं. "पप्पा. ज्योतीरामकाका?"

"व्हय."

दर पौर्णिमेला विहारात भेटणारे ज्योतीरामकाका. लहानपणी मिनल त्यांच्या कडेवर बसायची, रिकाम्या बाहीला गाठ मारून खेळायची.

"त्यांना माहितीय, पाचर कुणी मारली ते?"

"न्हाई. अजून भेटला की पयल्यांदा त्योच जय भीम घालतो. एका हातानं." पप्पा थांबले. "मिनू, तू..."

फोन बंद झाला.

कारण: तात्पुर

कारण:

कारण: गोजाबाई

कारण:

"गाडी गेटवर आलीय," सार्थक दारातून म्हणाला. "झालं का?"

सोमवारी सकाळी आल्याआल्या हा नियम चालू करायचा, मिनलने ठरवलं. अगदी पहिलं काम. तिने कागदावर तसं लिहून स्क्रीनला चिकटवलंही.

कारण: तात्पुरते

दोनशे अकरापैकी दोनशे अकरा. सगळे हिरवे. ऑडिटरने पानं उलटली, बंद नियमांची यादी वरून खाली पाहिली, मान डोलावली. असे कागद तो रोज पाहत असावा.

पाच वाजता चहा आला. खालचे प्रेस चालू होते. त्यांचा दणका फरशीतून तळपायाला लागत होता. एक. एक. एक. गोजाबाईंची सकाळपासून सलग दुसरी शिफ्ट असणार. सार्थकने सगळ्यांना कागदी कप वाटले. मिनलच्या हातात कप देऊन तो पुढे गेला, थांबला, वळून पाहू लागला.

"अगं," तो हसला, "एवढ्याशा कपाला दोन हात?"