तीनशे अठ्ठ्याऐंशी

"तीनशे अठ्ठ्याऐंशी," जननीने आकडा वाचला आणि कागदावर लिहून टाकला. "सेकंदाला तीनशे अठ्ठ्याऐंशी मीटर. असायला हवेत पावणेदोनशेच्या आत. सर, ही रायफल स्पर्धेत चालणार नाही."

रघुनाथरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

कुंभकोणमबाहेर, तिरुभुवनमच्या रस्त्यावरच्या एका जुन्या रेशीम गोदामात जिल्ह्याची निवड चाचणी होती. खिडकी नसलेला लांबट हॉल, डोक्यावर ट्यूबलाइटच्या दोन रांगा. सकाळी त्यांची मुलगी चैत्रा एअर रायफलमध्ये पहिली आली होती. पहिल्या मुलीला चेन्नईच्या शिबिरात दोन वर्षांची जागा मिळणार होती. पण निकाल जाहीर व्हायच्या आत लेखी तक्रार आली: रायफलमध्ये फेरफार करून जोर वाढवलाय. म्हणून तिरुचीहून आलेल्या तपासनीस जननीने टेबलावर क्रोनोग्राफ मांडला होता. छर्रा यंत्राच्या दोन डोळ्यांवरून जातो, आणि मधल्या वेळावरून यंत्र वेग सांगतं.

"परत मारा," रघुनाथराव म्हणाले.

दुसऱ्या वेळी एकशे शहाण्णव आले. तिसऱ्या वेळी नुसत्या रेघा. चौथ्या वेळी पुन्हा तीनशेच्या वर.

"मग यातला खरा कुठला?" रघुनाथराव तमिळमध्ये कडाडले. "माझ्या मुलीला बाद करायला सोयीचा तो खरा? तीस वर्षं मी वीज मंडळात मीटर तपासले. एकाच भाराला तीन आकडे दाखवणारा मीटर मी भिंतीवरून काढून टाकायचो. घरमालकाला चोर म्हणत नव्हतो!"

"सर, मी फक्त यंत्र दाखवतंय ते लिहिलं."

चैत्रा रायफलची पेटी उघडून उभी होती. ती त्यांच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत हळूच म्हणाली, "अप्पा, सोडा की. घरां जाऊं."

"काय म्हणून सोडायचं? तुज्या नावाला डाग लावतायत हे लोक!"

पोरीचा धीर खचलाय, एवढंच त्यांना दिसलं. गेल्या महिन्यात दोनदा तिने विचारलं होतं, "नंबर नाही आला तर?" दोन्ही वेळा ते म्हणाले होते, "येणारच." आणि आला होता. आता तो असा हिसकावून घेणार?

ते बाकाकडे वळले. तिथे पट्टीश्वरमचे चंद्रमौळी बसले होते. त्यांची रम्या दुसरी आली होती.

"तक्रार तुमचीच ना?"

"नाही हो. मी कशाला करू?"

"मग कुणी? चैत्रा बाद झाली तर चेन्नईला कोण जाणार? तुमचीच मुलगी! नेम धरून जिंकता येत नाही, म्हणून कागद लिहून जिंकायचं?"

हॉलमध्ये वीसेक माणसं होती. सगळी त्यांच्याकडे वळली. रम्याचे डोळे भरून आले. चंद्रमौळींनी तिला जवळ घेतलं.

रघुनाथराव पुन्हा जननीकडे वळले. "तीनशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे आवाजाहून जास्त वेग. असा छर्रा सुटला तर फटाका फुटल्यासारखा कडाका होतो. कुणी ऐकला? तुम्ही ऐकलात?"

जननीने मान हलवली. नव्हता ऐकला.

"वर बघा. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करते. आपल्याला दिसत नाही, पण तुमच्या यंत्राच्या डोळ्यांना दिसते. ते त्यालाच छर्रा समजतात."

जननी प्रामाणिक होती. "मी नेहमी बाहेर उजेडात तपासते, सर. बंद हॉलमध्ये पहिल्यांदाच."

"मग या ट्यूब विझवा आणि पिवळा बल्ब लावा. जुना, तारेचा. त्याची तार तापलेलीच राहते, उजेड मिटत नाही."

"तो आता कुठे मिळतो?"

चंद्रमौळी उठले आणि कुणाशी न बोलता बाहेर गेले.

"बघा, पळाला," रघुनाथराव म्हणाले.

अर्ध्या तासाने चंद्रमौळी घामाघूम होऊन परतले. हातात दोन बल्ब होते. "कोंबडीवाल्याकडून आणले. पिलांना ऊब द्यायला ठेवतात. चालतील?"

रघुनाथरावांनी बल्ब घेतले. आभार मानले नाहीत.

ट्यूब विझल्या. यंत्राच्या वर पिवळा बल्ब टांगला. रघुनाथरावांनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, नळीचं तोंड यंत्रापासून मीटरभर मागे घेतलं, दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधून छर्रा जाईल अशी नळी सरळ केली. मग चैत्राला बोलावलं. ती जरा थांबली, मग येऊन बसली.

एकशे बहात्तर. एकशे एकाहत्तर. एकशे बहात्तर. एकशे त्र्याहत्तर. एकशे बहात्तर.

मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. जननीने आधीचे आकडे खोडले. "माफ करा, सर. रायफल निर्दोष आहे. चैत्रा पहिली. चेन्नईची जागा तिचीच."

चैत्राने कपाळ रायफलच्या दस्त्यावर टेकवलं होतं. रघुनाथरावांनी तिच्या पाठीवर थोपटलं. पण त्यांचा राग उतरला नव्हता.

"आता ती तक्रार दाखवा."

"जाऊ द्या, सर. जिंकलात ना?"

"जाऊ द्या कसं? ज्याने हे लिहिलं त्याने इथे, सगळ्यांसमोर, माझ्या मुलीची माफी मागायची."

"अप्पा, नको," चैत्रा म्हणाली.

"तू गप्प बस!" त्यांनी चंद्रमौळींकडे बघत हात पुढे केला.

जननीने क्षणभर चैत्राकडे पाहिलं. मग फाइलमधून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

रघुनाथराव बल्बखाली उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. "पहिल्या आलेल्या मुलीच्या रायफलमध्ये फेरफार केलेला आहे. तिला चेन्नईला पाठवू नये. दुसऱ्या आलेल्या रम्याला पाठवावं, तिला खरोखर जायचं आहे. आपली नम्र…"

खाली निळ्या शाईत सही होती: र. चैत्रा.